नव्या फिशटँकमध्ये गोगलगायी सोडताना: कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत ज्यांनी नुकतीच गोड्या पाण्याची टाकी लावली आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. गोगलगायींबद्दल मिळणारी बरीचशी माहिती जड पाणी असलेल्या गावांना धरून दिलेली असते. जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्याला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. म्हणून इथे पाण्यावर जास्त लिहिलं आहे आणि बाकीच्या गोष्टींवर गरजेपुरतं.

टाकी कालच भरली. आज गोगलगायी सोडल्या तर चालतील का?

नाही. पाणी नितळ दिसत असलं तरी घाण पचवणारे जिवाणू त्यात अजून आलेले नसतात. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया तयार होतो. एका गटातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी आहेत, तिसरं बेताच्या प्रमाणात सोसवतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूत आणि दगडांवर वस्ती करतात. ती वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. यालाच टाकी ‘सायकल’ होणं म्हणतात. आपल्याकडे पाणी बारा महिने उबदार असल्याने जिवाणू लवकर वाढतात आणि हीटरचा खर्च तर मुळीच करावा लागत नाही.

टेस्ट किटवर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि थोडं नायट्रेट दिसलं की सायकल झाली. त्यानंतरही आठ-दहा दिवस थांबा. तोवर काचेवर तपकिरी-हिरवट थर धरतो. गोगलगायीला खायला तोच लागतो, आणि कोऱ्या करकरीत टाकीत तो नसतो.

दुकानदार म्हणाला, गोगलगाय चिवट असते, सायकल करायला तीच सोडा. यात तथ्य आहे का?

ती चिवट दिसते, कारण त्रास झाला की ती आत जाऊन कवचाच्या तोंडाचं झाकण लावून घेते आणि आपल्याला वाटतं की ती निवांत आहे. मासा वर येऊन धापा टाकतो, त्यामुळे त्याचे हाल डोळ्यांना दिसतात. गोगलगायीचे दिसत नाहीत. अमोनिया दोघांनाही भाजतो. जिवाणूंना खाद्य हवं असेल तर रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाका, किंवा सोललेली एक कोळंबी जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात सोडा. कुजल्यावर वास येईल, पण त्यात कुणाचा जीव जाणार नाही.

दीड-दोन महिने झाले तरी अमोनिया खाली येत नाही. काय चुकतंय?

विहिरीचं पाणी वापरत असाल तर आधी पीएच आणि केएच तपासा. पीएच म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे हे सांगणारा आकडा, सातच्या खाली आम्लधर्मी. केएच म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद. अमोनिया पचवताना हे जिवाणू ती ताकद वापरतात, आणि जांभ्याच्या पाण्यात ती मुळातच कमी असते. त्यामुळे पीएच घसरत जातो. साडेसहाच्या खाली जिवाणूंचं काम मंदावतं आणि सहाच्या आसपास जवळजवळ थांबतं. मग माणूस बाटलीतले जिवाणू विकत आणतो, फिल्टर बदलतो, आणि फरक काही पडत नाही. पुढच्या दोन उत्तरांत जो उपाय दिला आहे तोच इथेही लागू आहे. मात्र टाकीत आधीच मासे असतील आणि अमोनिया चढलेला असेल, तर पीएच एकदम वाढवू नका. आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बराच निरुपद्रवी रूपात असतो आणि पीएच चढला की तो विषारी होतो. अशा वेळी आधी थोडं थोडं पाणी बदलून अमोनिया खाली आणा.

आमच्या विहिरीचं पाणी गोड आणि स्वच्छ आहे, घरातले सगळे तेच पितात. तरी गोगलगायीचं कवच पांढरं का पडतंय?

कोकणातून येणाऱ्या प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपून विहिरीत येतं. जांभा हा शतकानुशतकांच्या पावसाने धुऊन निघालेला दगड आहे. त्यात लोह आणि ॲल्युमिनियम उरलं, कॅल्शियम वाहून गेलं. म्हणून हे पाणी प्यायला गोड, पण क्षारांच्या बाबतीत रिकामं आणि बहुतेक वेळा किंचित आम्लधर्मी असतं. किट नसलं तरी ओळखता येतं. कपडे धुताना साबणाला भरपूर फेस येतो, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसत नाही. घाटावरच्या बोअरवेलचं पाणी याच्या अगदी उलट असतं.

गोगलगायीचं कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, आणि आम्लधर्मी पाण्यात ते हळूहळू विरघळतं. टाकीतली एखादी मिस्ट्री स्नेल (दुकानात मिळणारी मोठी गोगलगाय) हातात घेऊन उजेडात बघा. सगळ्यात जुना भाग म्हणजे टोकाचा वेढा. झीज तिथूनच सुरू होते. वरचं गुळगुळीत, रंगीत आवरण आधी निघतं, खाली खडूसारखा पांढरा भाग उघडा पडतो, त्यात बारीक खड्डे दिसू लागतात. नंतर टोक इतकं पातळ होतं की नखाने दाबलं तर तुटेल. दुसरीकडे तोंडाच्या कडेला वाढणारं नवं कवच बघा. पाणी चांगलं असेल तर ती कड सरळ आणि टणक येते. कॅल्शियम कमी असेल तर ती पापुद्र्यासारखी, दातेरी येते. झिजलेलं टोक परत भरून येत नाही, पण पाणी सुधारलं की पुढची वाढ भक्कम होते. म्हणून टोक पाहून निराश होऊ नका, कड पाहा.

पीएच ७ ते ८ च्या दरम्यान, जीएच (पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप) ८ किंवा जास्त आणि केएच ४ च्या वर असलं की काळजी मिटली. आरओ मशीनचं पाणी मात्र अजिबात वापरू नका. त्यात विहिरीच्या पाण्याहूनही कमी क्षार असतात.

मग कॅल्शियम द्यायचं कशातून?

किनाऱ्यावर राहणाऱ्याला ते विकत घ्यावं लागत नाही. तिसऱ्या खाऊन झाल्या की टरफलं फेकू नका. ती उकळा, घासून मांस आणि मीठ पूर्ण काढा, उन्हात कडकडीत वाळवा आणि जाडसर कुटा. पन्नास लिटरच्या टाकीला साधारण मूठभर कूट पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरच्या प्रवाहात ठेवा. पाणी आम्लधर्मी असेल तोवर ते विरघळतं, पीएच वर आला की विरघळणं आपोआप मंदावतं, त्यामुळे अति होण्याची भीती कमी. आठवड्याला एकदा पीएच तपासा आणि गरजेनुसार कूट कमी-जास्त करा.

दुसरा पर्याय समुद्रफेनाचा. माकूल वर्गातल्या प्राण्यांच्या शरीरातला हा पांढरा, हलका, लांबट सांगाडा लाटांबरोबर किनाऱ्याला लागतो, काष्ठौषधींच्या दुकानातही मिळतो. किनाऱ्यावरून आणलेला असेल तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजवा, रोज पाणी बदला. सुरुवातीला तो तरंगतो, दगडाखाली दाबून ठेवा. गोगलगायी तो थेट खरवडून खातात. अंड्याच्या कवचाचा कूटही चालतो, पण त्याचा परिणाम सावकाश होतो.

पानाला लावायचा चुना कधीही टाकू नका. त्याने काही मिनिटांत पीएच इतका वर जातो की टाकीतलं सगळं मरतं. समुद्राची वाळूही अंथरू नका, तिच्यातलं मीठ धुवायचं काम संपत नाही. नदीची वाळू धुऊन घ्या.

ग्रामपंचायतीचं नळाचं पाणी वापरलं तर?

चालेल, पण आधी त्यातलं क्लोरीन जाऊ द्या. पावसाळ्यात विहिरीत आणि पाण्याच्या टाक्यांत टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकली जाते आणि काही दिवस पाण्याला तिचा उग्र वास येतो. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी चोवीस तास उघडं ठेवा, सोबत एअर पंप लावला तर आणखी चांगलं. घाई असेल तर दुकानात मिळणारं क्लोरीन घालवणारं द्रावण वापरा. टीसीएल टाकल्याच्या दिवशी विहिरीतून थेट पाणी घेऊ नका.

खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. जिभेला खारट लागणारं पाणी गोड्या पाण्यातल्या बहुतेक गोगलगायींना सोसत नाही. त्या दोन महिन्यांसाठी पाण्याची दुसरी सोय आधीच बघून ठेवा.

तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलेलं पाणी?

नको. तांबं माणसाला अल्प प्रमाणात चालतं, गोगलगायीला विष आहे. मृदू, आम्लधर्मी पाण्यात ते जास्त उतरतं. याच कारणाने माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरची तांबंयुक्त औषधंही गोगलगायी असलेल्या टाकीत चालत नाहीत. बाटलीवरचे घटक वाचा. कॉपर हा शब्द दिसला तर आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढून तिथे औषध द्या.

पोफळीच्या बागा असलेल्यांना आणखी एक सांगायचं आहे. पावसाळ्याच्या तोंडावर कोळेरोगासाठी सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारतात. त्यात मोरचूद असतं, म्हणजे तांबंच. त्या कामाची बादली, मग, पाइप टाकीच्या पाण्याला लावू नका, कितीही धुतलं असलं तरी. टाकीसाठी एक बादली कायमची वेगळी ठेवा.

सुरुवातीला कोणती गोगलगाय घ्यावी?

पहिली टाकी असेल तर नेराइट. काचेवरचा तपकिरी थर तिच्याइतका नेटाने दुसरी कुठलीच काढत नाही. बाहेरच्या बाजूने डोळा लावून बघितलं तर तिचं तोंड उघडतं-मिटतं आणि दर वेळी काचेवर छोटीशी स्वच्छ चीर उमटते, हे स्पष्ट दिसतं. गोड्या पाण्यात तिची पिल्लं होत नाहीत, त्यामुळे संख्या आवाक्यात राहते. उलटी पडली तर मात्र तिला सरळ होणं जड जातं, दिसल्यास हाताने सरळ करा.

मिस्ट्री स्नेल आकाराने मोठी, पिवळी, निळसर किंवा तपकिरी असते आणि मुलांना फार आवडते. ती सोंडेसारखी नळी वर काढून हवा घेते. निरोगी वनस्पती सहसा खात नाही. आयुष्य साधारण वर्षभराचं, उबदार पाण्यात थोडं कमीच.

वाळूत राहणाऱ्या ट्रम्पेट स्नेलमुळे वाळू हलती राहते, पण तिला थेट पिल्लं होतात आणि एकटी मादीही वंश वाढवते. रॅम्सहॉर्न दिसायला सुंदर, पण तिचीही भराभर वाढ होते. हे पटत असेल तरच घ्या.

व्हाळातून किंवा भाताच्या खाचरातून आणली तर फुकटात काम होईल, नाही का?

आणू नका. खाचरात सापडणारी मोठी गोगलगाय टाकीतली वनस्पती फस्त करते. शेतातल्या औषधांचे अंश तिच्यासोबत येऊ शकतात. आणि मुख्य म्हणजे रानातल्या गोड्या पाण्याच्या गोगलगायी काही परजीवींना आसरा देतात. गुराढोरांच्या यकृतातला कृमी अशाच गोगलगायींतून पसरतो, आणि काही जातींतून बाहेर पडणाऱ्या अळ्यांनी माणसाच्या कातडीला खाज सुटते. कोकणापुरतं उदाहरणच द्यायचं तर गुहागर तालुक्यातलं गिमवी. लघवीतून रक्त जाणाऱ्या शिस्टोसोमियासिस या रोगाचं केंद्र तिथे असल्याची नोंद १९५२ साली झाली आणि फेरिसिया नावाची चिमुकली गोगलगाय त्याची वाहक मानली गेली. टाकीत आपण रोज उघडा हात घालतो, लहान मुलंही घालतात. त्यामुळे टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलीच गोगलगाय घ्या. नेराइट त्याला अपवाद. तिची पैदास टाकीत होत नसल्याने ती रानातूनच धरलेली असते, म्हणून तिला आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवा. टाकीत हात घातल्यावर साबणाने धुण्याची सवय तर सगळ्यांनीच लावून घ्यावी.

खडपावरच्या गोगलगायी नेराइटसारख्या दिसतात, पण त्या भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यातल्या. गोड्या पाण्यात त्या मरतात.

दोन फुटी टाकीत किती सोडाव्यात?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत वाळू-दगड धरून पंचेचाळीस ते पन्नास लिटर पाणी बसतं. त्यात दोन नेराइट किंवा दोन मिस्ट्री स्नेल. पहिल्या महिन्यात एकच सोडा. गोगलगाय शेवाळ खाते हे खरं, पण जे खाते त्याची विष्ठाही टाकीतच राहते. सफाई व्हावी म्हणून सहा-सात आणल्या तर टाकी जास्त घाण होईल.

मुंबईहून किंवा कोल्हापूरहून आणताना काय काळजी घ्यावी?

रात्रभराच्या प्रवासात पाण्याने भरलेल्या पिशवीपेक्षा ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून हवा भरलेल्या पिशवीत ठेवलेली गोगलगाय जास्त सुखरूप येते. गाडीत उन्हाच्या बाजूला ठेवू नका.

घरी आल्यावर तिला छोट्या भांड्यात ठेवा. ती पाण्यातून आली असेल तर तेच पाणी भांड्यात घ्या. एअर पंपाची बारीक नळी घेऊन तिला सैल गाठ मारा आणि टाकीतलं पाणी त्या भांड्यात थेंबथेंब पडू द्या. तासाभरात पाणी दुप्पट-तिप्पट होईल. मग गोगलगाय उचलून टाकीत ठेवा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका. जड पाण्यातून एकदम मृदू पाण्यात पडलेली गोगलगाय दिवस-दोन दिवस आत बसून राहते, म्हणून ही घाई टाळायची.

खायला काय घालावं? शेवाळ पुरतं का?

नव्या टाकीत पुरत नाही. दुधीची किंवा काकडीची पातळ चकती दोन मिनिटं उकळून, गार करून काट्याला टोचून तळाशी ठेवा. पावसाळ्यात परसातलं तवसं असतंच. शेवग्याची पानं उकळून दिली तर कॅल्शियमही मिळतं. मीठ लागलेलं काही नको. चोवीस तासांत उरलेलं सगळं काढा, नाहीतर नव्या टाकीत अमोनिया पुन्हा डोकं वर काढेल.

दोन दिवस हलली नाही. मेली समजायचं का?

आधी वास घ्या. मेलेल्या गोगलगायीची दुर्गंधी इतकी असते की शंका उरत नाही. झाकण घट्ट बंद असेल तर ती बहुधा जिवंत आहे. झाकण लोंबत असेल, आतलं अंग सैल बाहेर आलं असेल, बोट लावल्यावरही आत जात नसेल तर ताबडतोब काढा आणि चौथा हिस्सा पाणी बदला. मिस्ट्री स्नेल कधीकधी हवा भरून तरंगते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मे महिन्यात पाणी ३१-३२ अंशांवर गेलं की प्राणवायू कमी विरघळतो आणि गोगलगायी पाण्याच्या पातळीशी गर्दी करतात. अशा वेळी एअर पंप चोवीस तास चालू ठेवा आणि टाकीचा दिवा दुपारी बंद करा. टाकीचं झाकण मात्र काढू नका, मिस्ट्री स्नेल रात्री बाहेर पडते आणि सकाळी पलंगाखाली वाळलेली सापडते.

दगडावर तिळासारखे पांढरे ठिपके आलेत. टाकीच्या झाकणाखाली अंड्यांचा घड पण आहे. काय करू?

पांढरे ठिपके नेराइटची अंडी. ती गोड्या पाण्यात फुटून पिल्लं होत नाहीत, नको असतील तर खरवडून काढा. पाण्याच्या वर चिकटलेला फिकट गुलाबी-बदामी घड मिस्ट्री स्नेलचा. पिल्लं नको असतील तर तो ओला असतानाच अलगद सोडवून, पिशवीत घालून दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. घड भडक गुलाबी असेल तर मात्र तुमच्याकडे दुसरीच जात आली आहे, शेवटचं उत्तर वाचा.

मी सोडल्याच नाहीत, तरी बारीक गोगलगायी शेकड्याने झाल्यात.

त्या वनस्पतींबरोबर अंड्यांच्या रूपाने आल्या. इतक्या वाढल्या म्हणजे माशांना खाणं जास्त पडतंय. खाणं निम्मं करा. रात्री उकडलेली काकडी बशीत ठेवा, सकाळी बशीसकट उचला. हे काही दिवस केलं की संख्या उतरते. त्या मारायचं औषध टाकू नका, एकदम मेलेल्या शेकडो गोगलगायींचा अमोनिया मासेही घेऊन जातो.

कोणत्या माशांबरोबर ठेवू नयेत?

पफर, लोच आणि मोठे सिक्लिड त्यांना खातात. गोल्डफिश आणि काही फायटर मिशा कुरतडतात. गप्पी आणि मॉली यांची जोडी उत्तम जमते, कारण त्यांनाही क्षार असलेलं पाणीच मानवतं.

पावसात दोन-दोन दिवस वीज नसते, तेव्हा?

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दापोलीकडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा हा प्रश्न गंभीरच आहे. बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. तो नसेल तर दर काही तासांनी मगाने पाणी उचलून वरून ओता. वीज नसताना खाणं बंद ठेवा. फिल्टर बराच वेळ बंद राहिला असेल तर वीज आल्यावर तसाच सुरू करू नका. स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून घ्या आणि मग लावा.

जास्त झालेल्या गोगलगायी नदीत किंवा तळ्यात सोडल्या तर त्या जगतील ना?

जगतील, आणि भीती तीच आहे. दक्षिण अमेरिकेतली पोमेशिया कॅनालिक्युलाटा ही गोगलगाय १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानला नेली गेली, तिथून फिलिपिन्ससह आग्नेय आशियात पोहोचली आणि भाताची कोवळी रोपं खाऊन तिने शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान केलं. मिस्ट्री स्नेल तिची जवळची नातेवाईक, आणि व्यापारात दोन्हींची सरमिसळ होते. भडक गुलाबी अंडी आणि वेढ्यांमध्ये खोल खाच दिसली तर संशय घ्या. कोकणात लावणीच्या दिवसांत खाचरं, पाट, व्हाळ सगळे एकमेकांना जोडलेले असतात. एका घराने मागच्या दारी सोडलेली गोगलगाय एका पावसात साऱ्या गावाच्या शेतात पोहोचू शकते.

त्यामुळे विहीर, व्हाळ, तळं, गटार यांपैकी कुठेही सोडू नका. टाकी बदलताना काढलेलं पाणी झाडांना घालायचं तर ते फडक्यातून गाळून घ्या आणि वाळूही दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच बाहेर टाका. मिस्ट्री स्नेलच्या जास्तीच्या गोगलगायी टाकी असलेल्या ओळखीच्यांना द्या किंवा जिथून घेतल्या त्या दुकानदाराला विचारा. बरेच जण परत घेतात. ज्या जातीबद्दल संशय आहे ती कुणालाच देऊ नका. तिचे अंड्यांचे घड दिसतील तसे काढत राहा, म्हणजे पुढची पिढी होणार नाही.